आठवा खेळाडू: महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचा हंगाम कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोली परिसरातील एका पदवी महाविद्यालयात गेल्या वर्षी रुजू झालेले क्रीडा शिक्षक लिहितात की, सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्या मुलांचा संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात ४१–६० असा हरला आणि हंगाम तिथेच संपला. यंदा चौदा मुले आहेत, त्यांतील सहा नवी आहेत. कोर्ट सिमेंटचे आणि उघडे आहे, त्यामुळे पावसाळ्यात ते हातचे जाते. सहा फूट तीन इंच उंचीचा एक मुलगा मिळाला आहे, पण त्याने आजवर हातात बॉल धरलेला नाही. ते स्वतः खो-खोचे खेळाडू आहेत, म्हणून बाहेरून प्रशिक्षक आणावा का, आणि जूनपासूनचे चार महिने कसे वापरावेत, असे त्यांनी विचारले आहे. सोबत गेल्या वर्षीच्या सामन्याच्या स्कोअरशीटचा फोटो जोडला आहे. मी ठाण्यात सव्वीस वर्षे महाविद्यालयीन संघांना बास्केटबॉल शिकवला, त्या अनुभवावरून उत्तर देत आहे.

सर, स्कोअरशीट पाठवलीत हे फार चांगले केले, कारण हरलेल्या सामन्याविषयी मुले जे सांगतात आणि कागद जे सांगतो, त्यांत बहुधा मोठे अंतर असते. मुलांनी आपल्याला सांगितले की समोरच्यांच्या शूटरचे सगळे शूट लागत होते आणि पंच आमच्या विरुद्ध होते. कागदावर मात्र समोरच्या संघाच्या रनिंग स्कोअरमध्ये वर्तुळ केलेले क्रमांक, म्हणजे तीन गुणांचे बास्केट, अख्ख्या सामन्यात चारच आहेत. चार क्वार्टरचे आकडे १४–१३, १२–१५, ६–२० आणि ९–१२ असे आहेत. मध्यंतरापर्यंत आपण दोन गुणांनी मागे होतात, आणि शेवटच्या क्वार्टरमध्येही फरक तीनच गुणांचा पडला. सामना तिसऱ्या क्वार्टरच्या दहा मिनिटांत गेला, तेव्हा हंगामाची आखणी करण्याआधी त्या दहा मिनिटांत काय झाले हे पाहिले पाहिजे.

पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल शाईने आणि दुसऱ्या व चौथ्याच्या निळ्या किंवा काळ्या शाईने करण्याची पद्धत आहे, आणि मध्यंतर झाले की स्कोअरर फाऊलच्या चौकोनांत एक जाड रेघ ओढतो. आपल्या क्रमांक ७ च्या खेळाडूचे तीन फाऊल त्या रेघेआधी आहेत आणि उरलेले दोन रेघेनंतर लाल शाईत आहेत. म्हणजे मध्यंतराला त्याच्या नावावर तीन फाऊल असूनही तो तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोर्टवर होता आणि तो क्वार्टर संपण्याआधीच पाच फाऊल होऊन बाहेर गेला. त्याच क्वार्टरमध्ये टीम फाऊलचे चारही चौकोन भरलेले दिसतात, आणि त्या क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाऊलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शूट, मिळू लागतात. त्यांच्या वीस गुणांपैकी नऊ भरीव ठिपके आहेत, म्हणजे नऊ गुण फ्री थ्रोचे. आपला दुसऱ्या हाफमधला पहिला टाइम आऊट नवव्या मिनिटाला आहे. पहिल्या हाफचे दोन टाइम आऊट तर घेतलेच नाहीत, आणि ते पुढच्या हाफमध्ये वापरता येत नाहीत.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट याहून साधी आहे. खेळाडूंच्या नावापुढच्या रकान्यात सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती वर्तुळ असते आणि नंतर आत आलेल्यांच्या नावापुढे नुसती फुली असते. आपल्या बारा नावांपैकी सातच नावांपुढे फुली आहे. पाच मुले गणवेश घालून, बस आणि लोकलचे धक्के खाऊन आली आणि घामही न येता परत गेली. पाच जागा आणि चाळीस मिनिटे, म्हणजे एकूण दोनशे मिनिटांचा खेळ असतो. तो सात जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेअठ्ठावीस मिनिटे येतात, नऊ जणांत वाटला तर बावीस. दमलेला मुलगा पाय हलवत नाही, हात टाकतो, आणि हात टाकला की फाऊल होतो. तिसऱ्या क्वार्टरमधले ते फाऊल पंचांचे नव्हते, दमलेल्या पायांचे होते. म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, हे चार महिने आपल्या पहिल्या पाच मुलांसाठी वापरू नका. आठवा आणि नववा खेळाडू घडवण्यासाठी वापरा. बाकीचे सारे मी याच हिशेबाने सांगतो आहे.

आता जून. ट्रायल एका दिवसात उरकू नयेत, सलग तीन दिवस घ्याव्यात, आणि तिसऱ्या दिवशी कोण आले हे आधी पाहावे. शूटिंग पाहून मुले निवडण्याचा मोह सर्वांना होतो, मलाही पहिली सात-आठ वर्षे होत असे. पण सोसायटीच्या कोर्टवर एकटाच तासन् तास शूट मारलेला मुलगा पाच जणांत उभा राहिला की गोंधळतो. मी डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत रिंगखाली जाऊन बॉल टाकणे, करून पाहायला सांगतो. जमतो का हे महत्त्वाचे नाही, चुकल्यावर मुलगा दुसऱ्यांदा डाव्याच हाताने प्रयत्न करतो की गुपचूप उजव्या हाताकडे वळतो, हे मी पाहतो. जो डाव्यालाच चिकटतो तो मुलगा शिकतो. प्रथम वर्षाचे प्रवेश उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे जुलैमध्ये आणखी एक ट्रायल ठेवावी लागते, आणि त्या वेळी आलेल्यांना जागा शिल्लक असावी म्हणून जूनमध्येच बारा नावे पक्की करून टाकू नयेत.

आपल्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग असतील, तर त्या मुलांचा घोळ करू नका. ती मुले विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळू शकत नाहीत. त्यांच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून १९ वर्षांखालील गटात होतात, त्यांचे अर्ज वेगळे आणि तारखाही वेगळ्या. सराव मात्र एकत्र घ्या. दोन वर्षांनंतरचा आपला आठवा खेळाडू त्यांच्यात आहे, आणि बारावीनंतर तो दुसऱ्या महाविद्यालयात जाऊ नये असे वाटत असेल तर त्याला आत्तापासून संघात असल्यासारखे वागवले पाहिजे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, पण हलक्यात घेऊ नका. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे परिपत्रक आले की पात्रतेचे नियम स्वतः वाचा, मुलांना तोंडी विचारून फॉर्म भरू नका. एका वर्षी माझ्या संघातील एका मुलाचा निकाल राखून ठेवलेला होता, आणि ही गोष्ट त्याने आम्हाला, बहुधा घरीही, सांगितलेली नव्हती. जिंकलेला सामना हरकत आल्यावर आम्हाला सोडावा लागला. त्या मुलावर मी ओरडलो, आणि घरी जाताना गाडीत लक्षात आले की त्याची गुणपत्रिका मागून पाहणे हे माझे काम होते. तेव्हापासून एक फाइल, प्रत्येक मुलाचे एक पाकीट, आणि त्यात गुणपत्रिकेची प्रत, प्रवेशाची पावती आणि ओळखपत्राची प्रत आल्याखेरीज नाव यादीत नाही, असा नियम केला.

यानंतर एक मोठा कागद घ्या, उभ्या रकान्यांत आठवडे आणि आडव्या ओळींत मुलांची नावे लिहा, आणि प्रत्येक मुलाला त्या कागदासमोर बसवून विचारा की या चार महिन्यांत तू कधी नसशील. आपल्या भागात या कागदाला फार महत्त्व आहे. निम्म्या संघाचे मूळ गाव कोकणात असते आणि गौरी-गणपतीला ती मुले जाणारच. त्यांना अडवणे योग्य नाही आणि शक्यही नाही. एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या, परीक्षा असतात. कुणी संध्याकाळी घरोघरी डिलिव्हरी करतो, कुणी आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करतो आणि सकाळी झोपेत येतो. पदवीचे वर्ग सकाळी सातला सुरू होत असतील तर पहाटेचा सराव कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना जमत नाही, आणि पनवेलकडून ट्रान्स हार्बरने येणाऱ्यांची गाडी चुकली की अर्धा सराव जातो. अशा वेळी मी वर्ग सुटल्यावर दुपारी एक ते अडीचची वेळ ठरवत असे, त्या उन्हात कुणालाच आनंद होत नव्हता, पण सगळे येत असत. हा कागद भरला की आपल्याला दिसेल की चौदांपैकी चौदा मुले हजर असतील असे आठवडे जेमतेम पाच-सहा आहेत. संघ म्हणून जे शिकवायचे ते त्या आठवड्यांत ठेवा; बाकीच्या दिवसांत एकेकट्याचे कौशल्य घ्या.

दहीहंडीविषयी मुद्दाम लिहितो, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत क्रीडा शिक्षकाला ती टाळता येत नाही. उंच, दणकट खांद्यांची मुले गोविंदा पथकांना खालच्या थरात हवी असतात आणि हलकी, चपळ मुले वर. म्हणजे आपले सेंटर आणि आपले गार्ड दोघेही त्यांच्या कामाचे. माझा एक चांगला पॉइंट गार्ड तिसऱ्या थरावरून पडला आणि मनगट मोडून बसला, तेव्हा आमचा पहिला सामना महिनाभरावर आला होता. मनाई करून मुले ऐकत नाहीत, लपून जातात. मी नंतरची वर्षे पथकाच्या सरावाच्या दिवसांत आमचा सराव हलका ठेवत असे आणि मुलाला एवढेच सांगत असे की जायचे असेल तर मला सांगून जा. काही जण सांगताना स्वतःच थांबत. नवरात्रीत अनवाणी नऊ रात्री गरबा खेळून पोटऱ्या आणि घोटे धरून येणारी मुलेही असतात. सामना त्या आठवड्यात असेल तर हे आधी बोलून ठेवावे.

आता पावसाळा, ज्याची आपल्याला सर्वांत जास्त काळजी वाटते आणि जो माझ्या मते आपल्या हंगामाचा सर्वांत उपयोगी भाग आहे. पहिली गोष्ट अशी की ओल्या सिमेंटवर पाच मिनिटेही खेळू देऊ नका. उघड्या कोर्टवर जुलैमध्ये डोळ्यांना दिसण्याआधीच शेवाळ धरते आणि धावताना थांबणारा पाय सरकला की गुडघ्याचे जे होते ते वर्ष घेऊन जाते. पाऊस उघडीप देईल तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या, आणि रिंगखालचा भाग आधी घासा, कारण उड्या तिथेच पडतात. तोवर महाविद्यालयाच्या इमारतीखालचे पार्किंग, लांब व्हरांडा किंवा सभागृह मागून घ्या. प्राचार्यांना बॉलच्या आवाजाची तक्रार येईल, म्हणून वर्ग सुटल्यानंतरचीच वेळ मागा.

रिंग नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना मी सांगत असे की तुम्ही सामना रिंगपाशी हरत नाही, रिंगपर्यंत पोहोचण्याआधीच हरता. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या हाती ढोबळमानाने सत्तर-पंच्याहत्तर वेळा बॉल येतो. ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून चालणे), डबल ड्रिबल (बॉल आपटत नेणे थांबवून पुन्हा सुरू करणे), बाहेर गेलेला पास, हातातून काढून घेतलेला बॉल असे मिळून पंचवीस वेळा तो घालवला, तर शूट मारायला पंचेचाळीस-पन्नासच संधी उरतात, आणि त्यावर कितीही चांगला शूटर तुम्हाला वाचवत नाही. बॉल न घालवण्याचे जवळपास सर्व शिक्षण रिंगशिवाय होते. दोन पायांवर एकदम थांबणे, म्हणजे जंप स्टॉप. थांबल्यावर एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्या पायाने चहूकडे वळणे, म्हणजे पिव्हट. हनुवटीखाली दोन्ही कोपरे बाहेर काढून बॉल धरणे. आणि दबावाखाली पास. पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधली चौकोनी जागा पकडा, तीन मुलांना आत उभे करा, दोघांना त्यांच्यावर सोडा, आणि ड्रिबलला पूर्ण बंदी ठेवून फक्त पासवर बॉल राखायला सांगा. पहिल्या दिवशी चार पासही होत नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पंधरा झाले की तो संघ प्रेसला, म्हणजे बॉल पुढे नेतानाच समोरचे जो दबाव टाकतात त्याला, घाबरत नाही. हा सराव घेताना आठव्या-नवव्या-दहाव्या मुलाला मुद्दाम आपल्या उत्तम मुलांबरोबर ठेवा, कारण व्हरांड्यात कोण पहिल्या पाचांतला आहे हे कुणाला कळत नाही.

खो-खोचा खेळाडू असणे ही आपली कमतरता आहे असे आपण लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. बास्केटबॉलच्या बचावात मुलांना सर्वांत अवघड जाते ते कंबर खाली ठेवून दिशा बदलणे, आणि खुंटाला वळसा घालून पाठलाग करणाऱ्याला ते शरीरात मुरलेले असते. बचावाचा सगळा पाया आपण स्वतः शिकवू शकता. फक्त एक फरक लक्षात ठेवा की खो-खोत हात पोहोचला की काम झाले. इथे हात पोहोचला की फाऊल. म्हणून पहिले तीन आठवडे मुलांना पाठीमागे हात बांधून बचाव करायला लावा. आपला क्रमांक ७ यंदाही असेल तर त्याला हे जरा जास्तच द्या.

डावपेचांचे फार मनावर घेऊ नका. बहुतेक नवे शिक्षक व्हिडिओ पाहून पाच-सहा ठरीव चाली बसवतात आणि सामन्यात बॉल मध्यरेषाच ओलांडत नाही. कोर्ट २८ मीटर लांब असते आणि आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात न्यावा लागतो; चांगला संघ तिथेच प्रेस लावतो. म्हणून प्रेस फोडण्याची एक रचना पक्की करा: बॉल आत टाकणारा, त्याच्या जवळ दोघे, मध्यभागी एक उंच मुलगा आणि पुढे एक. बॉल आधी मध्यभागी, तिथून वळून पुढे; बाजूच्या रेषेला चिकटून ड्रिबल करत गेलेल्या मुलाला कोपऱ्यात दोघे जण गाठतात, आणि रेषा ही तिसरी बचावकर्ती असते. बचावात मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरणे) हाच मुख्य ठेवा, आणि दोन-तीनचा झोन (पुढे दोघे, मागे तिघे, आपापली जागा राखणे) बसवा तो केवळ तीन फाऊल झालेल्या मुलाला कोर्टवर ठेवायची वेळ आली तर त्याला लपवण्यासाठी. एक नियम मुलांना घोकून घ्यायला लावा: पुढच्या अर्ध्यात आपल्याच चुकलेल्या शूटचा रिबाऊंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल, आपल्याला मिळाला की शॉट क्लॉक (शूट मारण्याची मुदत मोजणारे घड्याळ) २४ वर नाही, १४ सेकंदांवर येतो. रिबाऊंड घेऊन बॉल पुन्हा संथपणे बाहेर आणणारे संघ मी दरवर्षी पाहतो. शॉट क्लॉकची पाटी नसलेल्या कोर्टवर वेळ कोण आणि कशी मोजणार, हे सामन्याआधी पंचांना नम्रपणे विचारून घ्यावे.

फ्री थ्रोचे आपले गणित स्कोअरशीटवरच आहे, फक्त ते थेट लिहिलेले नसते. चुकलेला फ्री थ्रो त्या कागदावर कुठेच दिसत नाही. पण समोरच्या संघाच्या फाऊलच्या चौकोनांत 'पी' या अक्षराशेजारी बारीक २ अशा नऊ नोंदी आहेत, म्हणजे आपल्याला अठरा फ्री थ्रो मिळाले, आणि आपल्या बाजूला भरीव ठिपके सात आहेत. अकरा गुण कुणीही अडवलेले नसताना सोडले. पन्नास फ्री थ्रो एका दमात मारून घेण्याचा सराव जवळपास निरुपयोगी आहे, कारण सामन्यात कुणी पन्नास मारत नाही; धापा टाकत येतो, दोन मारतो आणि पुन्हा धावतो. म्हणून प्रत्येक धावण्याच्या सरावानंतर प्रत्येकाने दोनच मारायचे आणि वहीत लिहायचे. वही ठेवण्याचे काम दुखापतीने बसलेल्या मुलाला द्या. त्याच वहीत बॉल कसा गेला याचेही चार रकाने करून सराव सामन्यांत खुणा करायला सांगा. मुले माझे ऐकत नसत, पण वहीतल्या खुणांवरून एकमेकांशी भांडत असत, आणि ते जास्त उपयोगी पडे.

सहा फूट तीन इंचांच्या मुलाविषयी माझे मत कदाचित आपल्याला आवडणार नाही. त्याला सप्टेंबरपर्यंत स्कोअरर बनवण्याचा प्रयत्न करू नका. त्याला तीनच गोष्टी द्या. समोरच्याचा शूट सुटला की आधी आपल्या माणसाला पाठीवर घ्यायचे आणि मगच बॉलकडे पाहायचे. रिबाऊंड हातात आला की तो कमरेपर्यंत खाली आणायचा नाही, कारण खाली आणलेला बॉल पाच फूट सहा इंचांचा गार्ड काढून घेतो आणि मग उंचीचा उपयोग काय. आणि बचावात हात सरळ वर ठेवून सरळ वर उडी मारायची, समोरच्यावर झुकायचे नाही. भिंतीपाशी उभे करून रोज पंधरा मिनिटे बॉल हनुवटीच्या वर धरून पकडणे-सोडणे द्या. अशी मुले एकदम उंच झालेली असतात, त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना सगळे हसलेले असतात. त्याला पहिल्या महिन्यात चारचौघांत ओरडू नका. गेल्या वर्षी आपल्याकडे आठवा खेळाडू नव्हता. हा मुलगा पहिल्या पाचांत नको, पण सामन्यात दहा मिनिटे न चुकता रिबाऊंड घेणारा आठवा होऊ शकतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

आठव्या-नवव्याला खेळवायचे कसे, हेही ठरवून ठेवावे लागते. सामना अंगावर आल्यावर त्यांना आत पाठवणारा शिक्षक त्यांच्यावर अन्याय करतो. प्रत्येक सराव सामन्यात दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटे त्यांची, स्कोअर काहीही असो, असे आधीच जाहीर करा. पहिल्या दोन सामन्यांत आघाडी जाईल, आपले चांगले खेळाडू बेंचवर तोंड वाकडे करतील, जाऊ द्या. सराव सामने सोपे घेऊ नका. घोडबंदर रोडच्या संकुलांतील कोर्ट अनेकदा आखूड असतात, तिथे खेळून दमाचा अंदाज चुकतो. एकदा तरी मुलांना मुंबईत नागपाड्याला घेऊन जा. अर्जुन पुरस्कार मिळवणारे बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसिर ज्या भागातून आले, त्या गल्ल्यांत आजही संध्याकाळी बास्केटबॉल हाच खेळ असतो, आणि मस्तान वायएमसीएच्या कोर्टवरची मुले आपल्या मुलांपेक्षा बुटकी असूनही रिंगखाली जागा सोडत नाहीत. आमचा संघ तिथे पहिल्यांदा पंचवीसहून अधिक गुणांनी हरला होता. परतताना भायखळ्याच्या फलाटावर कुणी बोलत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे वेळेआधी सरावाला आले.

दुखापतीत घोटा मुरगळणे हे सर्वांत जास्त. लगेच चोळू नका, ओढून "बसवणाऱ्या" माणसाकडे पाठवू नका. फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटे, पट्टी, पाय उंचावर. मुलाला त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. परत खेळायला कधी घ्यायचे हे सुजेवरून ठरवू नये. त्या एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या पाहिजेत. ज्यांचा घोटा एकदा गेला आहे त्यांना रोज एका पायावर डोळे मिटून उभे राहायला लावा, दात घासताना केले तरी चालते.

सामन्याच्या दिवशी एवढे पाहा. पोहोचायची वेळ सामन्याच्या तासभर आधीची ठेवा आणि लोकलचा गोंधळ धरून मुलांना त्याही आधी निघायला सांगा. उघड्या कोर्टवर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात बेंचवर छत्री आणि मीठ-साखरेचे पाणी ठेवा. कुणाचे किती फाऊल झाले हे स्वतः लिहिण्याऐवजी एका राखीव मुलाला लिहायला द्या, आणि पहिल्या हाफमध्ये तिसरा फाऊल झाला की तो मुलगा मध्यंतरापर्यंत बाहेर, याला अपवाद करू नका. समोरच्यांनी सलग सहा गुण केले की टाइम आऊट मागा. दुसऱ्या हाफचे तीन जपून ठेवले म्हणून कुणी बक्षीस देत नाही, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोनपेक्षा जास्त वापरताही येत नाहीत.

राहिला प्रशिक्षकाचा प्रश्न. रोज येणारा पगारी प्रशिक्षक आपल्या जिमखान्याच्या निधीत बसेल असे मला वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याच महाविद्यालयाचा किंवा परिसरातील एखादा जुना खेळाडू शोधा, जो आठवड्यातून दोन दिवस, ऑगस्टपासून, फक्त शूटिंगची पद्धत आणि प्रेस फोडण्याची रचना शिकवेल. प्रवासखर्च आणि मानधन महाविद्यालयाकडून लेखी मंजूर करून घ्या. जुन्या खेळाडूच्या प्रेमावर चार महिने चालत नाहीत, तो सप्टेंबरमध्ये यायचा बंद होतो आणि आपल्याला दोषही देता येत नाही. संघ कोणाला उतरवायचा, कोणाला केव्हा बदलायचे, हा निर्णय मात्र आपल्याकडेच ठेवा, कारण कोण रात्रपाळी करून आला आहे आणि कोण गणपतीहून कालच परतला आहे, हे त्या वर्गखोलीशेजारच्या कार्यालयात बसणाऱ्या आपल्यालाच ठाऊक असणार. यंदाच्या पहिल्या सामन्याची स्कोअरशीट मला पाठवा. गुणांच्या आधी मी फुल्या मोजणार आहे.